कापशाचा उपवास

आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, वच्छलाअक्काला रडताना पाहिलंय का? नाही म्हणतील. मी तर धुळ्याच्या देवपुरात तिच्या भिंतीला भिंत लावून राहते, आणि इतकी वर्षं राहते की तिकडे पातेलं वाजलं तरी सांगेन आज डाळ आहे की खिचडी. मीसुद्धा नाही पाहिलं. तिचा नवरा भाईदासनाना एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत गेला, तेव्हा ही बाई आल्यागेल्याला चहा विचारत होती. मग एकुलता एक मुलगा प्रेमराज. पारोळ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलला मागून ट्रकने उडवलं. तेव्हाही नाही. बायका हिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होत्या आणि ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. 'काळजाच्या जागी दगड आहे,' असं एक बाई म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे झापलं. मी अशीच आहे. महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली, घंटा बडवून बडवून आवाजही तसाच झालाय. पण मनात मलाही वाटायचं, ही बाई एकदा तरी भडाभडा बोलेल तर बरं.

अक्का साक्रीकडच्या खेड्यातली. गुराढोरांत वाढलेली. पोटासाठी ती बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया करून विकते. लग्नसराईत तिच्या हाताला उसंत नसते. एकदा बिबड्याचं उकळतं पीठ तिच्या मनगटावर सांडलं. मी समोर बसले होते, मला कळलंसुद्धा नाही. बाई थापतच राहिली. चहाचा कप हातात देताना फोड दिसला तेव्हा मी ओरडले, "अगं, बोलायचं नाही का!" तर म्हणते, "बोलीसन काय व्हई, मंदा? जनावराले दुखस तं ते आरडस, त्यानं बरं शे. मानुसनी आरडाले नको."

जनावर दुखलं की ओरडतं. हे ती अगदी खात्रीने सांगायची. गाय अडली, शेळीचं पोट फुगलं, म्हैस पायाने अधू झाली, सगळं तिने लहानपणी आवाजावरूनच ओळखलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त तिच्या माहेरच्या गोठ्यात ससा नव्हता.

ससा आणला प्रेमराजने. मुलीचा वाढदिवस होता, भाविकाचा. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. पोरीने त्याचं नाव ठेवलं कापशा. प्रेमराज गेल्यावर सून दीपमाला पोरीला घेऊन जळगावला भावाकडे गेली. तिला तिथे सोन्याच्या पेढीवर काउंटरला काम मिळालं. मी तिला दोष देत नाही. तरुण बाई, इथे बिबडे थापत बसली असती का? पण भावाच्या फ्लॅटमध्ये ससा ठेवायला वहिनी तयार नव्हती. म्हणून कापशा आजीकडे राहिला.

आणि खरं सांगते, तोच एक दोरा उरला होता. दर रविवारी दीपमालाच्या फोनवरून व्हिडिओ कॉल यायचा. अक्का सकाळपासून फोन चार्जिंगला लावून बसायची. फोन वाजला की पोरगी पडद्यावर दिसायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आजी, कापशा दाखव." मग अक्का फोन त्याच्यासमोर धरायची. पोरगी त्याच्याशी बोलायची, हसायची, शाळेतलं सांगायची, आणि शेवटी "बाय आजी." एवढंच. माझं डोकं फिरायचं. म्हटलं, "अक्का, तुझं तोंड तरी बघते का ती? कॅमेरा सशावर, आजी अंधारात." तर अक्का हसून म्हणाली, "व माय, त्याना निमित्तखाल आवाज तं ऐकू येस. तो शे तवलोक ती फोन करी. सुट्टीमा त्याले भेटाले येई. तो गया तं मन्हाकडे कोन येवाव शे?"

ससा आहे तोवरच नातीचा फोन, म्हणून त्याला ती तळहातावरच्या फोडासारखं जपत होती. त्याला कोवळं गवत, मेथीचे देठ, कोथिंबीर. मे महिन्यात धुळ्यात घराची पत्र्याची छपरं तापतात, तेव्हा माठाशेजारची गार जागा त्याची. आणि ही बाई पंख्याखाली त्याला ठेवून स्वतः ओट्यावर पदराने वारा घ्यायची.

मग श्रावण आला आणि कानबाई आली. आम्ही बौद्ध. आमच्या घरात कानबाई नाही, पण गल्लीत राहून सगळं पाठ झालंय. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून सजवतात, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरा नदीवर नेऊन बोळवण. आणि तिचे रोट. जाडजूड, गव्हाचे, वरून तूप. त्या रोटांचे नियम फार कडक. गहू घ्यायचा तो घरातल्या पुरुषांच्या नावाने, एकेकाच्या नावाची मूठ. रोट खायचे ते घरच्यांनीच, भाऊबंदांनीच; बाहेरच्या माणसाला तुकडाही नाही. आणि पुनवेच्या आत संपवायचे, टाकायचे नाहीत.

अक्काचा दीर जीवराम वरच्या गल्लीत राहतो. तो येऊन म्हणाला, "वहिनी, तुना घरमा आते पुरुष मानुस नई. मूठ कोना नावनी लेशी? राहू दे औंदा. आमनाकडेच ये." बोलायला गोड, पण ऐकणाऱ्याचं काळीज चिरलं जाईल असं. मी दारातच होते, माझ्या तोंडावर शिव्या आल्या होत्या. अक्का शांतपणे म्हणाली, "धनी गया, पोऱ्या गया, पन कानबाई तं कोठे गई नई, भाऊ." आणि तिने सुपात मूठ टाकली. कापशाच्या नावाची.

जीवरामला हसावं की चिडावं कळेना. "जनावरना नावनी मूठ?"

"काब्रं, तो परका शे का? प्रेमराजनी आना त्याले. घरनाच शे."

तो गेल्यावर मी खूप हसले. म्हटलं, "अक्का, आता त्याला फेटा बांध आणि शेजारणीची पोरगी माग." तीही हसली. मग सुपातला गहू पाखडत बसली. तिने आणखी मुठी घेतल्या. त्या कोणाच्या नावाच्या हे मी विचारलं नाही. भाविका आणि दीपमाला येणार होत्या, तसं कबूल केलं होतं. त्यांच्यापुरतं तर लागणारच होतं.

रविवारी देवी बसली, गंगाफळाची भाजी, खीर, पुरणपोळी, सगळं झालं, आणि त्या दोघी आल्या नाहीत. पेढीवर सणाची गर्दी, सुट्टी मिळाली नाही. दीपमाला फोनवर म्हणाली, "आई, पुढच्या रविवारी नक्की येतो. भाविकानं बॅग भरून ठेवलीय." अक्का म्हणाली, "बरं." डब्यात रोटांची चळत तशीच. जीवरामच्या घरी त्यांचेच रोट, इथे खाणारी एक म्हातारी. मला दिले असते तर मी चटणीबरोबर दोन दिवसांत संपवले असते, मला तुपातलं काहीही चालतं. पण मी बाहेरची. इतक्या वर्षांत तिच्या हातचं मी काय खाल्लं नाही, फक्त हे नाही. याचा मला कधी राग आला नाही. त्या आठवड्यापर्यंत तरी नव्हता आला.

मग घरचा म्हणून उरला कोण? ज्याच्या नावाने मूठ घेतली तो. अक्काने त्याला रोट चारायला सुरुवात केली. सकाळी तुकडा, दुपारी तुकडा. ससा पहिले एक-दोन दिवस आवडीने खायचा, तूप लागलेलं, गोड-गोड. अक्काला केवढं समाधान! "देख, देख, प्रसाद कसा खास. बठ्ठं समजस त्याले." मी म्हटलं, "अक्का, गवत खाणाऱ्याला पीठ कशाला?" ती म्हणाली, "प्रसादनं काय व्हस?" यावर माझ्यासारख्या बाईने काय बोलायचं? मी देवाधर्मातली नाही, बोलले की वाद होतो.

दोन-तीन दिवसांनी त्याचं गवत पिंजऱ्यात तसंच पडायला लागलं. अक्का म्हणाली, रोटाने पोट भरतं त्याचं. शुक्रवारी एकादशी. पुत्रदा एकादशी. सकाळी त्याने मेथीला तोंड लावलं नाही, रोटाला लावलं नाही, पाण्याच्या वाटीकडे फिरकला नाही. देव्हाऱ्यासमोर जाऊन बसला. अंग गोळा करून, पोट खाली दाबून, कान मागे पाडून, डोळे अर्धे मिटून. आणि तोंडातल्या तोंडात काही तरी चालू. जवळ गेलं की बारीक आवाज यायचा, कटकट, कटकट.

शेजारच्या शेवंताबाईने ते पाहिलं आणि हात जोडले. "अक्का, जप करी राहिना व हाऊ!"

झालं. गल्लीत बातमी फिरायला वेळ लागतो का? अक्काच्या सशाने एकादशी धरली. देवासमोर बसून नाम घेतो. अर्धी गल्ली बघायला. कोणी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. कोणी पोरांना पुढे ढकललं, "पाया पड." कोणी म्हणालं, पुत्रदा एकादशीलाच धरला, म्हणजे बघा, प्रेमराजच आलाय. हे वाक्य अक्काने ऐकलं. मी तिचं तोंड पाहिलं तेव्हा. तिने पदर सावरला आणि सशाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो अंग चोरून आणखी आत सरकला. प्रेमराजला असा हात लावलेला आवडत नसे, असं ती म्हणाली. वर दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. म्हटलं, "जप कसला? पोरं झोपेत दात खातात, तसे दात खातोय तो. जंत झाले असतील त्याला." शेवंताबाई म्हणाली, "मंदाबाई, तुम्हाले विश्वास नई तं नका ठेवू, पन दुसऱ्याना मोडू नका." अक्काही माझ्याकडे रागाने बघत होती. पहिल्यांदाच. "दुखस तं आरडस नई का जनावर? देख, कसा शांत बठेल शे." मग जरा नरमाईने म्हणाली, "लेंडीबी टाकी नई आज. एकादसले घर सोवळं ठेवं त्यानी." पिंजऱ्याखालचा कागद तिने मला दाखवला. स्वच्छ कोरा. तिला त्याचंही कौतुक.

शनिवारी द्वादशी. उपवास सोडायचा दिवस. अक्काने त्याच्यापुढे कोवळी कोथिंबीर ठेवली, हाताने तोंडाशी नेली. त्याने तोंड फिरवलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, कडक आहे, पुनवेलाच सोडेल. अक्का हसली नाही. ती त्याच्याजवळ बसून राहिली. मला वाटतं त्या सकाळी तिला शंका आली होती; पण कबूल केलं तर तो आजारी ठरणार होता, आणि नाही केलं तर अजून उपवासच होता.

दुपारी फोन आला. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. भाविका पडद्यावर नाचत होती. "आजी, उद्या येतोय आम्ही! कापशा दाखव." अक्काने फोन देव्हाऱ्यासमोर नेला. मी मागे उभी. पोरगी हसत होती ती थांबली.

"आजी, तो असा का बसलाय?"

"उपास शे बेटा त्याना. एकादसनी धरेल शे."

"आजी, जवळ ने. डोळ्यांजवळ." मग तिचा आवाज चढला. "त्याचे डोळे असे नसतात! कान असे नसतात! तो मला बघून उभा राहतो, आजी, त्याला ऐकूच येत नाहीये का? कापशा! कापशा!" कापशाने कान हलवला नाही. पोरगी रडायला लागली. "तो आजारी आहे. त्याला दुखतंय. मम्मी, त्याला दुखतंय!"

मी फोन हातात घेतला. दीपमालाशी बोलले. आमच्याकडच्या गुरांच्या डॉक्टरला फोन लावला, तो भला माणूस सरळ म्हणाला, सशाचं मला फारसं कळत नाही, उगाच सुई टोचणार नाही, जळगावला असेल कोणी तर लगेच न्या. दीपमालाच्या घराजवळ एक डॉक्टर होता, पक्षी-ससे बघणारा. अक्काने भाजीची दुरडी घेतली, खाली प्रेमराजचा जुना सदरा अंथरला आणि कापशाला ठेवला. आम्ही जळगावची एस.टी. धरली.

तो रस्ता मी विसरणार नाही. खिडकीतून शेतातला कापूस हिरवागार, आभाळ भरून आलेलं, गाडीत घामाचा वास. अक्का दुरडी मांडीवर धरून. पारोळा आलं तेव्हा तिने खिडकीकडे पाठ केली. तिथे प्रेमराजला उडवलं होतं. दुरडीवर तिने पदर टाकला होता, आणि पदराखालून तो आवाज येत होता. कटकट. कटकट. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "काय व, उंदीर शे का?" मी मागे वळून असं बघितलं की ती पुन्हा बोलली नाही. एरंडोलच्या पुढे आवाज बंद झाला. अक्का म्हणाली, "झोपना वाटस." मी हो म्हटलं.

डॉक्टर तरुण होता, चिडणारा नव्हता. त्याने कापशाचे कान चिमटीत धरले. "कान गार पडलेत." पोटावर नळी ठेवून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. "आतडं थांबलंय, आजी. आत काही हलत नाही. वारा धरलाय. शेवटची लेंडी कधी पाहिली?"

अक्का म्हणाली, "एकादसना आदला दिन."

"खाणं?"

मी सांगायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "मीच चारात त्याले रोट. कानबाईना. मना हाते."

भाविका आईसोबत टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिने आजीकडे पाहिलं.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं, गरम पाण्याची पिशवी लावली. करता करता तो सांगत होता, अक्काला नाही, पोरीला. तीच विचारत होती म्हणून. "ससा दुखलं म्हणून ओरडत नाही, बेटा. रानात ओरडला तर कोल्ह्याला कळतं ना. म्हणून तो लपवतो, शेवटपर्यंत लपवतो. आपणच बघायचं. खाल्लं का, रोज. लेंडी टाकली का. डोळे अर्धे मिटलेत का. अंग गोळा करून एका जागी बसलाय का. दात वाजवतो का."

"दात वाजले की दुखत असतं?" भाविकाने विचारलं.

"असे करकरून वाजले तर हो. खूप दुखत असतं."

अक्का खाली बसली. बाकावर नाही, जमिनीवर. मी तिला धरायला वाकले तर म्हणाली, "व माय, मंदा. मी त्याना पाया पडाले लावं व पोरंसले." त्याच्या वेदनेला कुंकू लावलं होतं आम्ही सगळ्यांनी.

संध्याकाळी कापशा गेला. पोरीचा हात त्याच्या पाठीवर होता. एकदा पाय ताणले आणि संपलं. तेव्हाही आवाज नाही.

त्यांच्या फ्लॅटजवळ पुरायला जागा नव्हती. दुरडीत घालूनच परत आणायचा होता. निघताना अक्का भाविकापुढे उभी राहिली. पोरगी आईच्या मागे गेली आणि तोंड लपवलं. "बेटा, उद्या येवाव शे ना तू?" अक्काने विचारलं. पोरीने मान हलवली, नाही. दीपमाला म्हणाली, "आई, नंतर... तिला जरा वेळ द्या." मला वाटलं दोघींना तिथेच खडसवावं. पण पोर ते पोर; तिचा बाप आणि बापाने आणलेला ससा, दोन्ही गेले होते.

अक्काने मागच्या अंगणात शेवग्याखाली खड्डा केला. प्रेमराजच्या सदऱ्यातच पुरलं. डब्यात अजून रोट होते. पुनव होईपर्यंत तिने ते एकटीने खाल्ले, कोरडे, पाण्याच्या घोटाबरोबर. नियम मोडला नाही.

पुढचा रविवार आला. फोन चार्जिंगला लावलेला. वाजला नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. मी दीपमालाला फोन करून चार शब्द सुनावले, ती म्हणाली, "मावशी, ती नावच काढू देत नाही. मी काय करू?" अक्काला मी सांगितलं, पोरं विसरतात, येईल फोन. ती म्हणाली, "मी बोलनी व्हती ना तुले, तो शे तवलोक." एवढंच. आणि शेवया वळायला बसली.

मी अधूनमधून ताट घेऊन जायची. ती म्हणायची, आज सोमवार, उपास. आज संकष्टी, उपास. आज गोकुळाष्टमी, उपास. शनिवार, मारुतीचा. श्रावणात कमी का उपास असतात? गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मुलगा गेल्यापासून अक्काने फार वाहून घेतलंय, केवढं कडक करते बाई. मी ताट झाकून ठेवून यायची. दुसऱ्या दिवशी ते गाईला घातलेलं असायचं. मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत जायला लागली होती. मी म्हटलं, "अक्का, बारीक झालीस." ती म्हणाली, "उपास बाधतस थोडा."

मग एका रविवारी मी कळण्याची भाकरी आणि गिलक्याची भाजी घेऊन गेले होते, आणि तिथेच फोन वाजला. अक्काला पटकन उठता आलं नाही; मीच उचलला. पडद्यावर भाविका. डोळे सुजलेले नव्हते, हसतही नव्हती. शाळेत बाई रागावल्यावर पोरं बसतात तशी सरळ बसली होती.

"मंदाआजी, आजीला दे."

मी फोन अक्काच्या हातात दिला. अक्काने सवयीने तो फिरवला, रिकाम्या पिंजऱ्याकडे, आणि मग तिच्या लक्षात आलं. हात तसाच लटकला.

"आजी, तिकडे नको," पोरगी म्हणाली. "तू दिस. उजेडात ये. दाराजवळ."

अक्का सरकत दाराशी आली. पोरगी बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

"आज काय खाल्लंस?"

"खादं ना बेटा."

"काय?"

"आज... आज उपास शे मना. ऐतवारना."

मग पोरगी हळूच म्हणाली, "आजी, कापशाचा पण उपासच होता."

अक्काचे ओठ हलले. तोंडातून पहिल्यांदा काहीतरी फुटलं, शब्द नव्हता तो. मग दुसऱ्यांदा. एवढी वर्षं माझं ऐकायचं राहिलं होतं ते रडणं. दाराच्या चौकटीला धरून, गल्लीत ऐकू जाईल इतकं मोठ्याने. शेवंताबाई ओट्यावर धावत आली. मी तिला हाताने थांबवलं. रडू दे, म्हटलं. रडू दे तिला.

पोरगी फोन ठेवत नव्हती. तीही रडत होती. मधेच नाक पुसून म्हणाली, "मंदाआजी, ताटात काय आहे? आजीच्या समोर ठेव. मला दाखव."

मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला आणि भाकरी पुढे सरकवली. अक्काने पदराने तोंड पुसलं, तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. पोरगी बघत होती.

"गिळला?" तिने विचारलं.

अक्काने मान हलवली आणि दुसरा तुकडा मोडला.